प्रकाशाच्या वेगानं निघायचंय? आधी कॅल्क्युलेटर काढा

सामान फार लागत नाही. वही, पेन, पायथागोरसचा सिद्धांत आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर. त्यावर वर्गमूळाचं बटण दिसत नसेल तर फोन आडवा धरून बघा, बहुतेक फोनांत मग ते दिसायला लागतं.

उन्हाळ्यात आपल्याकडं गच्चीवर अंथरुणं पडली आणि लाईट गेली, की गप्पा चांदण्यांवर येतात. मग कुणीतरी विचारतंच, प्रकाशाच्या वेगानं गेलं तर काय होईल? एक जण म्हणतो वेळ थांबते, दुसरा म्हणतो माणूस जळून जातो, तिसऱ्यानं मोबाईलवर भलतंच काहीतरी पाहिलेलं असतं. तिन्ही उत्तरं अर्धवट राहतात, कारण ‘कुणाच्या घड्याळानं?’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आइनस्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतात गोंधळ होतो तो बहुतेक वेळा इथंच. खालच्या पायऱ्या ओळीनं चढा. तिसरी तर अजिबात गाळू नका, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

पहिली पायरी: वेगाचा अंदाज घ्या

निर्वात जागेत प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हा आकडा आता कुणी मोजत नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्याच्यावरून केलेली असल्यानं तो ठरवून दिलेला आहे. आपल्या कामाला सेकंदाला ३ लाख किलोमीटर पुरे.

छत्रपती संभाजीनगर ते नांदेड हे अंतर प्रकाश एका मिलिसेकंदाच्या आत कापतो. चंद्रापर्यंत त्याला १.३ सेकंद लागतात, सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद. सूर्यानंतरचा सगळ्यांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा शेजारी ‘मित्र’ दिसतो. मे-जूनच्या रात्री दक्षिणेला क्षितिज मोकळं असेल तर नरतुरंगातला हा ठळक तारा नांदेड-लातूरकडून जमिनीपासून दहाएक अंश वर सापडतो. डोंगर किंवा इमारत आड आली की संपलं.

माणसानं बनवलेली सगळ्यांत वेगवान वस्तू म्हणजे पार्कर हे सौरयान. २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याजवळून जाताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर होता. प्रकाशवेगाच्या मानानं हे ०.०६४ टक्के. आपण या घडीला कुठं उभे आहोत ते यावरून कळावं.

दुसरी पायरी: पूर्ण वेग मागू नका, नऊ मागा

ज्याला वस्तुमान आहे, मग तो माणूस असो, यान असो की एकटा इलेक्ट्रॉन, त्याला नेमका प्रकाशाचा वेग गाठता येत नाही. कितीही जवळ मात्र जाता येतं. म्हणून प्रश्न थोडा बदलून घ्या आणि विचारा, प्रकाशवेगाच्या ०.९ पट गेलो तर काय? ०.९९ पट? ०.९९९ पट? दशांश चिन्हानंतर किती नऊ आहेत त्यावर सगळा खेळ आहे. पूर्ण १ का टाकता येत नाही, ते चौथ्या पायरीवर कॅल्क्युलेटर स्वतःच सांगेल.

तिसरी पायरी: परभणी स्टेशनावर उभे राहा

दोन माणसं घ्या. दादा गाडीत, ताई परभणीच्या प्लॅटफॉर्मवर. गाडी न थांबता प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगानं स्टेशनातून जातेय. (मनमाड-परभणी मार्गावर एवढी घाई आजवर कुणी केलेली नाही, पण असो.) डब्याच्या फरशीवर एक दिवा आहे आणि त्याच्या नेमका वर, छताला, आरसा. दिवा लुकलुकतो आणि प्रकाश आरशाकडं निघतो.

दादाला तो प्रकाश सरळ उभा वर जाताना दिसतो. ताईला मात्र तसं दिसणार नाही. प्रकाश वर पोचेपर्यंत डबा पुढं सरकलेला असतो, म्हणून तिच्या लेखी प्रकाशाचा मार्ग तिरका.

आता मोजा. ताईच्या घड्याळात प्रकाश छताला लागेपर्यंत ५ टोले पडले असं धरा. टोला कितीही छोटा असू द्या. प्रकाश एका टोल्यात जेवढं जातो त्या अंतराला आपण एक घर म्हणू. म्हणजे तिरक्या रेषेवर प्रकाश ५ घरं गेला. गाडीचा वेग ०.६, म्हणून तेवढ्यात गाडी ३ घरं पुढं गेली. तिरकी बाजू ५, आडवी ३, तर उभी किती? गवंडी पायाची आखणी करताना दोरीनं ३-४-५ घेऊन काटकोन काढतो, तोच हा त्रिकोण. उभी बाजू ४.

दादाच्या डोळ्यांसमोर प्रकाश फक्त ही उभी बाजू चढला, म्हणजे ४ घरं. छताची उंची दोघांना सारखीच, कारण गाडी धावतेय आडवी.

इथं थांबून विचार करा. प्रकाशाच्या जागी चेंडू असता तर काहीच अडलं नसतं. दादानं वर फेकलेला चेंडू ताईला जास्त वेगानं, तिरका जाताना दिसला असता आणि दोघांची घड्याळं जुळली असती. प्रकाशाचा वेग मात्र दोघांनाही सारखाच भरतो. तो गाडीचा वेग स्वतःत मिळवून घेत नाही. मग दादाच्या लेखी प्रकाश त्याच वेगानं फक्त ४ घरं गेला असेल तर त्याच्या घड्याळात टोलेही ४ च पडले पाहिजेत. ताईचे ५, दादाचे ४. घड्याळ कुणाचंच बिघडलेलं नाही.

प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखा, हे कशावरून? १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी अमेरिकेत क्लीव्हलँड इथं प्रकाशाचा एक झोत दोन काटकोनातल्या वाटांवर पाठवून परत एकत्र आणला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते, त्याचा काही फरक दोन वाटांत पडतो का ते त्यांना पाहायचं होतं. अपेक्षेएवढा फरक सापडलाच नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइननं ही गोष्ट सरळ पाया म्हणून धरली आणि वेळेला तिच्यामागं यायला लावलं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा त्याच घराण्यातली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसरचा दुभागलेला झोत, आणि परत आल्यावर दोन्ही झोतांची तुलना. हेतू निराळा आहे, ती गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, शोधणार. पण युक्ती मायकेलसनचीच. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला औंढ्याला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

चौथी पायरी: गॅमा काढायला शिका

पाचाला चारानं भागलं की १.२५ येतं. यालाच गॅमा म्हणतात. कुठल्याही वेगासाठी तो असा काढायचा:

वेग प्रकाशवेगाच्या किती पट आहे ते लिहा: ०.६
त्याचा वर्ग करा: ०.३६
तो १ मधून वजा करा: ०.६४
वर्गमूळ घ्या: ०.८
१ ला त्यानं भागा: १.२५

हे हातानं एकदा केलंत की पुढचे आकडे स्वतः ताडून बघा.

०.५ ला गॅमा १.१५
०.९ ला २.२९
०.९९ ला ७.०९
०.९९९ ला २२.४
०.९९९९ ला ७०.७

अर्ध्या वेगावरसुद्धा फरक जेमतेम पंधरा टक्के. खरी गंमत नव्वदाच्या पुढं सुरू होते. आणखी दोन नऊ जोडले की गॅमा साधारण दहापट होतो, हे लक्षात ठेवलं तर कॅल्क्युलेटर खिशात ठेवूनही अंदाज बांधता येतो.

आता वेगाच्या जागी १ टाका. वर्ग १, वजाबाकी शून्य, वर्गमूळ शून्य, आणि शेवटी १ भागिले शून्य. पडद्यावर एरर. गच्चीवरच्या मूळ प्रश्नाला गणिताचं उत्तर हेच आहे.

एक सावधगिरी. ताशी १०० किलोमीटरच्या खऱ्या रेल्वेचा गॅमा काढायला गेलात तर बरेच कॅल्क्युलेटर सरळ १ दाखवतील, कारण फरक चौदा शून्यांनंतर सुरू होतो आणि तेवढी घरं त्यांच्याकडं नसतात. कमी वेगासाठी सोपा मार्ग असा: वेगाच्या पटीचा वर्ग करा आणि निम्मा घ्या. तेवढाच गॅमा १ पेक्षा जास्त. पाच तासांच्या प्रवासात तुमचं घड्याळ प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळाच्या मागं पडतं ते एका नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. गाडी लेट झाली तर त्याचा दोष आइनस्टाइनवर टाकता येणार नाही.

पाचवी पायरी: पुरावा तळहातावर घ्या

तळहात आभाळाकडं करून धरा. दर सेकंदाला साधारण एक म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड असा सूक्ष्म कण, त्यातून आरपार जातो. वैश्विक किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात तेव्हा, पंधराएक किलोमीटर उंचीवर, हे कण जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. हिशोबानं हे कण वाटेतच संपायला हवेत. तरी ते तुमच्या तळहातापर्यंत येतात.

गॅमा लावा. म्युऑनचा वेग ०.९९९ धरला तर गॅमा २२.४. जमिनीवरच्या घड्याळानं त्याचं आयुष्य तेवढ्या पटीनं वाढलं, आणि ६६० चे झाले जवळपास १५ किलोमीटर. आलं जुळून.

१९६३ मध्ये फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर म्युऑन मोजले आणि मग समुद्रसपाटीजवळ मोजले. वेळ सगळ्यांसाठी सारखीच चालत असती तर खाली तासाला सत्तावीसच्या आसपास उरायला हवे होते. मोजले तर चारशेच्या वर निघाले.

आता सवयीचा प्रश्न: कुणाच्या घड्याळानं? म्युऑनच्या स्वतःच्या घड्याळानं त्याचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे, एक कणही जास्त नाही. मग तो खाली कसा पोचला? त्याच्या लेखी डोंगरच बुटका झाला. धावणाऱ्याला समोरून येणारं अंतर गॅमानं भागून मिळतं. जमिनीवरचा माणूस म्हणतो वेळ ताणली, म्युऑन म्हणतो अंतर आखडलं, आणि खाली किती म्युऑन पोचले यावर दोघांचं एकमत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच माणसाला लावू नका. नवख्यांची बहुतेक गणितं तिथंच फसतात.

रोजच्या वापरातला पुरावा फोनमधल्या नकाशात आहे. जीपीएसच्या उपग्रहांची घड्याळं वेगामुळं दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागं पडतात. वर गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळं ती ४५ मायक्रोसेकंद पुढंही जातात. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंद पुढं. हा फरक हिशोबात धरला नाही तर दिवसाला दहाएक किलोमीटरची चूक साचत जाईल. तुळजापूरला निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत नकाशावर भलत्याच तालुक्यात दिसेल.

सहावी पायरी: दादाला प्रॉक्झिमाला पाठवा

ताई आणि दादा जुळे, वय २५. दादा ०.९९ वेगानं प्रॉक्झिमाला जातो, पोचताक्षणी वळतो, परत येतो. वेग घेण्या-सोडण्याचा वेळ सध्या बाजूला ठेवू.

ताईच्या घड्याळानं: अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, वेग ०.९९, एकेरी ४.२८ वर्षं. जाऊन-येऊन सुमारे ८ वर्षं ७ महिने.
दादाच्या घड्याळानं: तेच ७.०९ नं भागा. एकेरी सव्वासात महिने, जाऊन-येऊन साडेचौदा.

दादा उतरतो तेव्हा तो सव्वीस वर्षं अडीच महिन्यांचा आणि ताई साडेतेहतीसच्या वर. दादाच्या घड्याळात रक्षाबंधन एखादंच येऊन गेलं असेल, ताईकडं आठ-नऊ राख्या पडून असतील. आधार कार्डावर दोघांची जन्मतारीख एकच. पेन्शन कुणाच्या घड्याळानं धरायची हे ठरवायला बाबूलोकांना नवं परिपत्रक काढावं लागेल.

हुशार पोरं इथं अडवतात: सर, वेग तर सापेक्ष ना? मग दादा म्हणेल, मी इथंच होतो, ताईच लांब जाऊन आली. ताई का लहान राहिली नाही?

या प्रश्नाला लोक ‘दादा वळला म्हणून’ एवढंच सांगून गप्प करतात. बरोबर आहे ते, पण त्यानं पोट भरत नाही. दोघांना एकमेकांना सतत संदेश पाठवू द्या आणि मोजा, म्हणजे दिसेल. ०.९९ वेगानं दूर जाताना मागून येणारा संदेश १४.१ पट ताणला जातो. जवळ येताना तेवढ्याच पटीनं आखडतो.

दादा जाताना सव्वासात महिने ताईचे संदेश ऐकतो. १४.१ नं भागलं तर त्याला तिच्या आयुष्यातले जेमतेम पंधरा-सोळा दिवस ऐकू आले. तो वळतो. आता पुढचे सव्वासात महिने संदेश १४.१ पट भराभर येतात, त्यात ताईची साडेआठ वर्षं. बेरीज करा, ८ वर्षं ७ महिने बरोबर भरतात.

ताईकडून बघा. दादा वळला ही बातमी तिच्यापर्यंत प्रकाशाच्याच वेगानं येणार. म्हणून साडेआठ वर्षं तिला दादाचे जातानाचेच ताणलेले संदेश मिळत राहतात, आणि परतीचे सगळे संदेश शेवटच्या पंधरवड्यात धडाधड येऊन पडतात. दादाचा ऐकण्याचा वेळ निम्मा-निम्मा, ताईचा नाही. दोघांची स्थिती सारखी नव्हती हे इथं आकड्यांत दिसतं. वही काढून ही बेरीज एकदा स्वतः करा.

सातवी पायरी: वेग हळूहळू वाढवा, आणि बिल बघा

एकसारखा वेग शरीराला जाणवत नाही. आत्ताही आपण सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावतोय आणि चहा सांडत नाही. मारतो तो वेगातला बदल. एका सेकंदात ०.९ गाठायचं म्हटलं तर साध्या हिशोबानंही गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीन कोटी पट दाब येईल.

म्हणून यान असं चालवा की पायाला जमिनीवर जाणवतं तेवढंच वजन जाणवेल. यानातल्या घड्याळानं वर्षभर असं गेलात की वेग प्रकाशाच्या ०.७७ पट होतो. ०.९९ गाठायला यानात अडीच वर्षांच्या वर लागतात, तोवर पृथ्वीवर पावणेसात वर्षं उलटलेली असतात. प्रॉक्झिमाला अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत आणि उरलेल्या वाटेत तसाच कमी करत गेलात तर यानात साडेतीन वर्षं, पृथ्वीवर जवळपास सहा.

आता खर्च. गतिज ऊर्जा काढायला गॅमातून १ वजा करा, वस्तुमानानं गुणा, प्रकाशवेगाच्या वर्गानं गुणा. ६० किलोचा एकटा माणूस, यान नाही, इंधन नाही, डबा नाही, ०.९ वेगाला न्यायला सातावर अठरा शून्यं एवढे ज्यूल लागतात. युनिटांत सांगायचं तर १.९ लाख कोटी युनिट. भारताची वर्षभराची वीजनिर्मिती साधारण तेवढीच आहे. परळीच्या औष्णिक केंद्राची ७५० मेगावॉटची क्षमता धरली आणि ते अखंड चाललं, तर सुमारे तीनशे वर्षं लागतील. दुष्काळात पाण्यावाचून हे केंद्र बंद ठेवावं लागलं आहे, म्हणून ‘अखंड’ हा शब्द जपूनच घ्या.

०.९९ साठी हीच तीनशे वर्षं चौदाशेच्या आसपास जातात. ०.९९९९ साठी सोळा हजार. आणि १ साठी पुन्हा एरर. वेगात वाढ नगण्य, बिल मात्र वाढतच जातं. ‘वेग वाढला की वस्तुमान वाढतं’ असं जुन्या पुस्तकांत वाचाल. आजकाल भौतिकशास्त्रज्ञ तसं बोलायचं टाळतात. दादाला स्वतःचं वजन वाढल्याचं कधीच जाणवत नाही. वाढते ती ऊर्जा, आणि तीही बाहेरून मोजणाऱ्याच्या हिशोबात.

आठवी पायरी: खिडकीतून बघा

सिनेमात तारे लांब रेघा होऊन मागं पळतात. तसलं काही दिसणार नाही. तारे पुढं गोळा होतील.

०.९९ वेगावर जो तारा खरं तर अगदी बाजूला, ९० अंशांवर आहे, तो समोरच्या दिशेपासून फक्त ८ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती दहाएक अंश व्यापते. पुढचं अख्खं अर्धं आभाळ दीड मुठीएवढ्या गोलात मावलेलं असेल. उरलेलं अर्धं त्या गोलाच्या बाहेर विरळ पसरलेलं.

रंगही बदलतील. समोरून येणाऱ्या लहरी १४ पट आखूड होतात, म्हणून डोळ्यांना दिसणारा नेहमीचा प्रकाश अतिनील पट्ट्यात जातो आणि दिसेनासा होतो. दिसायला लागतं ते एरवी न दिसणारं, म्हणजे उष्णतेच्या अवरक्त लहरी. माणसाच्या अंगातून निघणारी ऊब साधारण त्याच पट्ट्यातली. दादाच्या वाटेत समोर कुणी माणूस उभा असता, तर तो घरातल्या जुन्या बल्बपेक्षाही पांढरट चमकताना दिसला असता. मला स्वतःला सगळ्या सापेक्षतेत हे दृश्य सगळ्यांत आवडतं, आणि ते फार कमी जण सांगतात.

मागं मात्र अंधार. तिथून येणाऱ्या लहरी ताणल्या जाऊन दिसण्याच्या पलीकडं गेलेल्या असतात.

नववी पायरी: धुळीची व्यवस्था करा

अंतराळ रिकामं असतं, हे हळू जाणाऱ्यांसाठी. ताऱ्यांमधल्या जागेत ढोबळमानानं घनसेंटीमीटरला हायड्रोजनचा एक अणू सापडतो. ०.९९ वेगावर यानाच्या नाकाच्या दर चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला सुमारे तीन हजार कोटी अणू आदळतील, आणि प्रत्येकाची ऊर्जा कणत्वरकातल्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातल्या) प्रोटॉनसारखी. म्हणजे समोरचं निर्वात हेच प्राणघातक किरणोत्सर्ग. गच्चीवर जो म्हणाला होता की माणूस जळून जातो, तो इथं थोडाफार बरोबर ठरतो, पण वेगामुळं नव्हे, वाटेत जे पडलंय त्यामुळं.

धुळीचा एक मिलिग्रॅमचा कण ०.९ वेगानं धडकला तर सुमारे २८ टन टीएनटीएवढा स्फोट. जाड ढाल लागेल. तिचं वजन सातव्या पायरीच्या बिलात मिळवायला विसरू नका.

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

यानाचा हेडलाइट लावला तर? लागेल, आणि नेहमीसारखाच. दादा मोजेल तरी प्रकाश ३ लाख किलोमीटरनं पुढं निघाला, ताई मोजेल तरी तेवढाच. ताईच्या लेखी यान त्याच्या थोडंच मागं असेल, एवढंच. वेगांची बेरीज इथं साधी होत नाही. ०.९ नं जाणाऱ्या यानातून ०.९ नं गोळा पुढं फेकला तर बेरीज १.८ येत नाही. १.८ ला १.८१ नं भागायचं, येतं ०.९९४.

प्रकाशकणाला स्वतःला वेळ थांबलेली वाटते का? हे वाक्य जिकडंतिकडं ऐकू येतं. पण ‘कुणाच्या घड्याळानं’ हा प्रश्न विचारायला आधी घड्याळ सोबत नेता आलं पाहिजे. प्रकाशासोबत धावणारं घड्याळच असू शकत नाही, म्हणून या प्रश्नाला उत्तरच नाही. वेळ थांबते असं म्हणण्यापेक्षा तिथं वेळ मोजायची सोय नाही, असं म्हणा.

आणखी कुणी एवढ्या वेगानं जातं का? गुरुत्वलहरी जातात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर पृथ्वीवर आली आणि १.७ सेकंदांनी तिच्या मागोमाग गॅमा किरण आले. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर एवढाच फरक.

प्रकाशाच्या पुढं कुणी गेलं का? २०११ मध्ये तशी बातमी आली होती. स्वित्झर्लंडहून इटलीला, सातशे तीस किलोमीटरवर पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं मोजलं गेलं. दुसऱ्या वर्षी कळलं, एक ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसली नव्हती.

वहीत करून बघा

व्याध हा रात्रीच्या आभाळातला सगळ्यांत तेजस्वी तारा ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. ०.९९९ वेगानं दादाला एकेरी किती वेळ लागेल? साडेचार महिन्यांच्या थोडं वर आलं तर पद्धत बसली. साडेआठ वर्षांच्या थोडं वर आलं तर उत्तर बरोबर आहे, पण ते ताईच्या घड्याळाचं. आणि सहा-सात दिवस आलं तर तुम्ही वेळही आखडली आणि अंतरही, दोन्ही दादालाच. पाचवी पायरी परत वाचा.